दाराआडचे वाक्य

अमरावती
सोमवार, ८ जून १९६४

सौ. जयवंताबाई यांस,

आशीर्वाद लिहिण्याचा हक्क मला उरला आहे की नाही, याची खात्री नसल्याने नमस्कार लिहितो. धाकट्या भावाच्या पत्नीस ‘तू’ लिहावे की ‘तुम्ही’, या विचारात दोन कागद वाया गेले. अकोल्यास जठारपेठेतल्या घरात आपण एका छपराखाली नऊ वर्षे राहिलो. त्या नऊ वर्षांत मी तुम्हांस एकदाही नावाने हाक मारली नाही आणि तुम्ही माझ्यासमोर एकदाही बोलला नाहीत. भासऱ्याने आणि भावजयीने कसे वागावे, याची आपल्या घरची रीत तीच होती. तुम्हांला सांगायचे ते तुम्ही दाराआडून तुमच्या जावेला, वच्छलाला, सांगत होता, आणि ती ते मला येऊन सांगे. त्यामुळे हे पत्र म्हणजे माझे तुमच्याशी पहिलेच बोलणे आहे.

पत्राचे कारण सरकारी आहे. येथील डॉ. तायडे यांनी जिल्ह्यातील निवडक शिपायांसाठी दर शनिवारी एक वर्ग सुरू केला आहे. मनाचा तोल गेलेल्या माणसाच्या घरी पोलीस जातात तेव्हा त्यांनी कसे बोलावे, कोठे उभे राहावे, काय करू नये, हे तेथे शिकवतात. आता कचेरीचे कामकाज मराठीत होत असल्याने शिपायांना वाटण्याचे टिपण हेडक्लार्क म्हणून मी लिहावे, असा हुकूम झाला आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. हुकूम, अर्ज, जबाब यांची भाषा मला येते. घाबरलेल्या माणसाशी कसे बोलावे याची भाषा मात्र मी शिकलेलो नाही. डॉक्टर म्हणाले, “पुस्तकातले माझ्याकडे आहे. घरातले कोणाकडे असेल तर आणा.”

शेषरावाला अस्वस्थ वाटू लागे तेव्हा तुम्ही काही एक रीतीने त्याला शांत करीत होता. ती रीत मला पूर्णपणे माहीत नाही. आपण ती लिहून कळवाल तर टिपणास उपयोग होईल. पोलीस आले त्या दिवशीही तुम्ही दाराआडून काही म्हणालात, असे वच्छला सांगते. गडबडीत मला ते नीट ऐकू आले नव्हते.

शेषरावाची प्रकृती कशी आहे, हे लिहिल्यास आभारी होईन.

आपला,
भगवंतराव

(या पत्राची नक्कल ठेवली आहे.)

अमरावती
रविवार, १९ जुलै १९६४

सौ. जयवंताबाई यांस नमस्कार.

आपले उत्तर आले नाही. अंजनगावच्या पत्त्यावर शेषरावाच्या नावे पूर्वी पाठवलेली दोन पत्रे परत आली होती, हे परत आलेले नाही. एवढ्यावरून ते आपल्या हाती पडले असे मी धरून चालतो.

वर्गाविषयी लिहितो. बावीस शिपाई येतात. पहिल्या शनिवारी डॉक्टरांनी विचारले की, अशा घरी गेल्यावर तुम्ही आधी काय पाहता. एकजण उठून म्हणाला, “साहेब, आमी आधी दोर पाहतो.” मागून दुसरा बोलला, “अन् म्या आधी पळाची वाट पाहतो.” सगळे हसले. डॉक्टरही हसले, आणि म्हणाले की दुसरे उत्तर अधिक खरे आहे. समोरचा माणूसही त्या घटकेला तेच शोधत असतो.

मग त्यांनी एका शिपायाला रोगी केले आणि अंजनगावच्या ठाण्यावरील देवमन नावाच्या तरुण शिपायाला आत जाऊन बोलायला सांगितले. देवमन दारात जाऊन दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा राहिला. डॉक्टर म्हणाले, टोपी काढ आणि खाली बस. तो काही केल्या बसेना. शेवटी म्हणाला, “साहेब, वर्दीत खाली बसलो तं लोक काय म्हनतीन?”

या प्रश्नावर बाकीचे हसले. मी हसलो नाही. बारा वर्षांपूर्वी आपल्या ओसरीवर हाच प्रश्न माझ्या मनात आला होता, आणि माझ्या अंगावर तर वर्दीही नव्हती.

वर्गात सर्वांत वयस्क शिकाऊ जो आहे, त्याचे नाव बद्रुद्दीन. तुम्हांला हे नाव माहीत आहे. अकोल्याच्या घरी जो पोलीस जमादार आला होता, तोच. चौकशीनंतर त्याची जमादारी गेली होती. आता निवृत्तीला आला आहे. चौथ्या क्रमांकावर बसतो, आणि मी कोपऱ्यातल्या टेबलाशी टिपणे घेत असतो. आम्ही एकमेकांस पहिल्याच दिवशी ओळखले. दोघांपैकी कोणीही ओळख दाखवली नाही.

काल डॉक्टरांनी विचारले की, आपल्या हातून चुकलेली एखादी हकीगत कोणी सांगेल काय. मग बद्रुद्दीन उठला. गाव सांगितले, घर सांगितले नाही. कापसाच्या प्रेसमधला माणूस होता, हात मागे घेऊन काथ्याच्या दोराने बांधला, संध्याकाळपर्यंत दोर सोडला नाही, त्या माणसाची बोटे बधिर झाली, एवढे सांगितले. डॉक्टर म्हणाले, घरात कोणाला विचारले नाहीत का?

“पूछा था साहेब,” बद्रुद्दीन म्हणाला. “ओसरी पे खड़े होके पूछा था, घर में किसी को कुछ बोलना है क्या. बोले, सब अर्जी में है.”

तो माझ्याकडे न पाहता खाली बसला. हे वाक्य मी टिपणवहीत उतरवून घेतले. माझे काम तेच होते.

वर्ग सुटल्यावर सायकलींपाशी तो थांबला होता. म्हणाला, “बाबूजी, वो भाई कैसे हैं?” मी म्हणालो, बरे आहेत. शेषराव कसा आहे, हे दहा वर्षांत मला ठाऊक नाही. तरी मी क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले.

मागील पत्रात ‘नीट ऐकू आले नव्हते’ असे मी लिहिले होते. ते विधान पूर्णतः अचूक नाही, एवढे येथे नमूद करतो.

भगवंतराव

अमरावती
गुरुवार, ६ ऑगस्ट १९६४

सौ. जयवंताबाई यांस,

आपले कार्ड मिळाले. अक्षर आपली भाची जमुना हिचे असावे, बोलणे आपले आहे. “तुमी त्या दिवशी आयकलं होतं का नव्हतं, येवढंच लिवा. मंग काय सांगाचं ते सांगीन.”

कार्ड दुपारी आले. वच्छलाने ते माझ्या आधी वाचले होते. जेवताना मी मजकुराचा विचार करीत आहे हे पाहून ती म्हणाली, “येवढा विचार कायले करता? मी तिथंच उभी होतो ना. लिवान तं खरं लिवा, नायी तं राहू द्या.”

ऐकले होते. शब्द न् शब्द ऐकला होता.

त्या दिवशीची सबंध हकीगत तुम्हांस माहीत नाही, कारण तिचा अर्धा भाग कागदावर घडला आणि तो कागद माझ्या हातचा होता. म्हणून क्रमाने लिहितो.

मंगळवार, २२ जानेवारी १९५२. आदल्या हंगामात, तो जेथे रुई पारखत असे त्या प्रेसला आग लागल्यापासून शेषरावाला धुराचा वास येत असे. त्या वेळी तो तीन दिवस झोपलेला नव्हता. कापसाच्या रुईच्या गाठीत ठिणगी आठ आठ दिवस दडून राहते, वरून काही दिसत नाही, असे तो म्हणे. ते खरेच आहे. त्याचे ज्ञान बरोबर होते, जागा फक्त चुकली होती. घरातल्या गाद्या त्याने फाडून भिजवल्या, मग शेजारच्यांच्या गाद्या बाहेर ओढल्या. शेजारी अडवायला आले तेव्हा ते जळू नयेत म्हणून त्याने त्यांना दंडाला धरून घराबाहेर काढले. ते पायरीवर पडले, कोपर खरचटले. एवढेच घडले होते.

मी अर्जात लिहिले: ‘शेजाऱ्यांच्या अंगावर धावून जाऊन जखमी केले. इसम अत्यंत धोकादायक आहे.’

हे शब्द मी रागाच्या भरात लिहिले नाहीत. ‘आजारी’ असे लिहिलेला अर्ज टेबलावर आठवडा काढतो, आणि ‘धोकादायक’ असे लिहिलेल्या अर्जावर तासाभरात माणसे निघतात, हे मला कचेरीत राहून माहीत झाले होते. गल्ली गोळा झाली होती. सरकारी नोकराच्या दारात हा प्रकार लवकर मिटावा, एवढीच माझी इच्छा होती. शब्दाने काम झाले. माणसे तासाभरात आली. परंतु ती धोकादायक माणसाला धरायला आली, हे मी हिशेबात घेतले नाही.

बद्रुद्दीन जमादार ओसरीवर थांबला आणि त्याने विचारले, घरात कोणाला काही सांगायचे आहे काय. तेव्हा माजघराच्या दाराआडून तुम्ही वच्छलाला म्हणालात:

“बाई, त्याईले सांगजा, समद्याईनं खाली बसा म्हनाव. टोप्या काढा. अन् मूठभर रुई द्या यायच्या हातात, अन् इचारा कुठली हाय म्हनून. घडीभरात शांत होतेत.”

हे तुम्ही सांगणार हे मला ठाऊक होते, कारण असे करताना मी तुम्हांस पूर्वी पाहिले होते. शेषराव दोन्ही अंगठ्यांत रुईचा धागा धरून ओढी आणि सांगे, दर्यापूरकडची, दुसऱ्या वेच्याची. दोनचार चिमटी ओढून झाल्या की त्याचा श्वास खाली बसे. हे मला माहीत होते, जयवंताबाई.

वच्छलाने माझ्याकडे पाहिले. निरोप पुढे देण्याची पाळी माझी होती. अंगभर वर्दी घातलेल्या जमादाराला, आमच्या घरच्या बाईचे म्हणणे आहे की टोपी काढून जमिनीवर बसा, असे सांगायचे होते. गल्लीतले वीस लोक ऐकत होते. शिवाय तुम्ही ते मला सांगितले नव्हते, वच्छलाला सांगितले होते. आणि भावजयीचा आवाज कानी पडला तरी तो न ऐकल्यासारखे करायचे, ही सवय मला वर्षानुवर्षांची होती. ती त्या वेळी फार सोयीची वाटली. मी म्हणालो, “कोणाला काही सांगायचे नाही. सर्व अर्जात आहे.”

पुढचे तुम्ही फटीतून पाहिलेच. शेषरावाने त्यांना पाहून पाण्याची घागर उचलली. ही माणसेही जळतील, असे त्याला वाटले होते. बाकी सर्वांना ती मारायला उचलली असे वाटले, कारण अर्जात तसेच लिहिलेले होते.

इस्पितळातून तो चौदा महिन्यांनी आला. अंगठा आणि त्याशेजारची दोन बोटे बधिर झाली होती. धागा हाताला लागेना. तुमच्या भावाने तक्रार केली, चौकशी झाली, आणि मला लेखी प्रश्न आले. चौथा प्रश्न असा होता: ‘रोग्यास कसे हाताळावे याविषयी घरातील कोणी पोलिसांस काही सांगितले होते काय?’ मी उत्तर लिहिले, ‘नाही.’ हे उत्तर शब्दशः खरे होते. पोलिसांना कोणीच सांगितले नव्हते. उत्तर शब्दशः खरे होते म्हणूनच मी त्याच्या आड इतकी वर्षे राहू शकलो. जमादारी बद्रुद्दीनची गेली. माझी त्याच वर्षी वरच्या जागेवर नेमणूक झाली.

तुम्ही घर सोडून शेषरावाला अंजनगावी माहेरच्या पानमळ्यात घेऊन निघालात, त्या सकाळी त्याच दाराआडून वच्छलाला म्हणालात, “त्या जमादाराचं कधी भलं होनार नायी.” तेही मी ऐकले. पुढे येऊन, तुम्ही चुकीच्या माणसाला बोलत आहात, एवढे मी म्हणालो असतो तरी पुरे होते. मी चष्म्याची काच पुसत बसलो.

आता तुम्ही काही कळवाल, अशी अपेक्षा धरून हे लिहिलेले नाही.

भगवंतराव

अमरावती
रविवार, २० सप्टेंबर १९६४

सौ. जयवंताबाई यांस नमस्कार.

आपले पत्र आले नाही. आपण काय केलेत ते मला काल वर्गात समजले.

त्याआधी एक गोष्ट. मागील महिन्यात मी चौथ्या प्रश्नाचे दुरुस्त उत्तर लिहून वरिष्ठांस सादर केले. त्यांनी ते दोनदा वाचले आणि म्हणाले, भगवंतराव, बारा वर्षांनी हे कशाला? तुमचीच नोकरीची दीड वर्षे राहिली आहेत. मी म्हणालो, दप्तरात चूक राहू नये. त्यांना ते माझ्या स्वभावास धरून वाटले आणि त्यांनी कागद ठेवून घेतला. पुढे काय होईल ते सांगता येत नाही. एक नक्कल मी स्वतः बद्रुद्दीनला नेऊन दिली. त्याने चष्मा नसल्याने ती मलाच वाचायला लावली. माझाच कबुलीजबाब मी त्याच्या अंगणात उभा राहून मोठ्याने वाचला, त्याची पत्नी शकीला दारात उभी होती. वाचून झाल्यावर तो एवढेच म्हणाला, “बाबूजी, ये तो मुझे उसी दिन मालूम था. अंदर से आवाज़ आ रही थी. मैंने भी सुनी थी, लफ़्ज़ समझे नहीं. दुबारा पूछना था मुझे.” मग शकीलाबाईंनी चहा आणला. मी तो घेतला. घ्यायला नको होता, असे परत येताना वाटत राहिले.

आता कालचे. देवमनने वर्गात हात वर केला. तो म्हणाला की, गेल्या आठवड्यात एक बाई अंजनगावच्या ठाण्यात आली. ठाण्यात आजवर ती कधी आली नव्हती. तिने विचारले, “शनवारी अमरावतीच्या शाळेत जाते तो शिपाई कोनता?” सगळ्यांनी त्याच्याकडे बोट केले. बाई म्हणाली, “चाल माह्या घरी. दाखोतो.” दोर घेऊ का, असे हवालदाराने थट्टेने विचारले, तर म्हणाली, “तुह्याच कामी पडन, ठेव.”

हे सांगताना वर्ग हसत होता. माझी लेखणी थांबली होती. ज्या बाईचा आवाज नऊ वर्षे दाराबाहेर आला नाही, ती भर पेठेतून ठाण्यात गेली होती.

देवमन तुमच्या ओसरीवर बसला. टोपी काढून, मांडी घालून. तुम्ही त्याच्यासमोर बसलात आणि त्याला सर्व सांगितलेत: एकाच माणसाने बोलावे, रोगी आणि दार यांच्या मधे बसू नये, आग नाही असे म्हणू नये, कुठे वास येतो ते विचारावे आणि त्याच्याबरोबर जाऊन पाहावे. मग शेषराव मळ्यातून आला. तुम्ही देवमनच्या हाती रुई दिलीत आणि त्याने ती शेषरावाच्या हातात दिली. शेषरावाने धागा ओढला आणि, देवमन म्हणाला, ओठांवरून फिरवला. बोटांना कळत नाही म्हणून आता तो ओठांनी पाहतो. म्हणाला, “अकोटची हाय. पावसात भिजेल हाय.”

मी खाली पाहून लिहीत राहिलो. बद्रुद्दीन पटकन उठून बाहेर गेला.

तुम्ही ते मला सांगितले नाहीत. ज्याच्या कामाचे होते त्याला सांगितलेत. त्यात काही चुकले नाही. तुमचे सांगणे मी टिपणात कलम दोन ते सात असे घातले आहे, नाव घातलेले नाही. पहिले कलम तेवढे माझे आहे: ‘घरातील स्त्री दाराआडून काही बोलत असेल तर प्रथम तिचे ऐकून घ्यावे. घरातील पुरुषाने काही नाही असे सांगितले, तरी तिला पुन्हा विचारावे.’ डॉक्टरांनी सहा कलमांत थोडेफार बदल केले. पहिल्याला हात लावला नाही.

वर्ग सुटल्यावर देवमनने मला तुमचा निरोप दिला. तो मी त्याच शब्दांत उतरवून घेतला आहे. “तुमच्या हेडक्लार्कले सांग, याचं असन तं या म्हना. पन आधी त्या जमादाराले माह्या दारात आना. माह्या तोंडून त्याले बारा वर्सं वाईट गेलं. ते मले त्याच्यासमोर माघारी घ्याचं हाय. बाकी मंगचं मंग पाहू.”

शेषराव याविषयी काय म्हणाला, हे मी देवमनला विचारले. तो म्हणाला, त्याईनं इचारलं, दादा अजून चष्मा पुसतेत का?

भगवंतराव

अंजनगाव सुर्जी, मोटारस्टँड
रविवार, ४ ऑक्टोबर १९६४

सौ. जयवंताबाई यांस,

हे पत्र ज्यांच्या हातून आपणांस मिळत आहे, ते बद्रुद्दीन. पेन्सिलीने लिहिल्याबद्दल क्षमा असावी. पेनातली शाई परतवाड्यापर्यंतच्या धक्क्यांनी खिशात सांडली.

आम्ही दोघे सकाळच्या मोटारीने आलो. येथे उतरल्यावर मी निघालो तेव्हा ते म्हणाले, “बाबूजी, आप बैठो. पहले मैं जाता हूँ. दोर मैंने बाँधा था, मेरा हिसाब अलग है.” मी म्हणालो, निरोपात दोघांनी येण्याचे आहे. ते म्हणाले, “बाई ने पहले मुझे बुलाया है.” निरोप मी पुन्हा आठवून पाहिला. त्यांचे म्हणणे बरोबर आहे.

त्यांनी टोपी आणलेली नाही. वच्छलाने तुमच्यासाठी पातळ पाठवले होते, ते मी घरीच ठेवून आलो. अशा दिवशी काही हातात घेऊन येणे मला योग्य वाटले नाही. ती रागावली आहे. शेषरावासाठी थोडी रुई घ्यावी असेही मनात आले होते. ती त्याच्या हातात देण्याचा माझा संबंध काय, हे ठरेना, म्हणून तीही आणली नाही.

मी पानाच्या टोपल्या ठेवतात त्या बाकाशेजारी बसलो आहे. अमरावतीची मोटार साडेचार वाजता आहे. तुम्ही बोलावलेत तर येईन, आणि ओसरीच्या खाली, अंगणात बसेन. बोलावले नाहीत तर साडेचारला जाईन, आणि त्याचा अर्थ मला समजेल. तो अर्थ बद्रुद्दीन यांना विचारून त्यांना पेचात टाकणार नाही.

निरोप कोणाबरोबरही पाठवा. जमुनाबरोबर पाठवलात तरी चालेल, दारातून सांगितलात तरी चालेल. मोठ्याने सांगण्याची गरज नाही.

या पत्राची नक्कल ठेवलेली नाही.

भगवंतराव